खांबेटे मुन्सफांची मिशी

कापूरखेड न्यायालयाच्या शताब्दी समितीची मी सभासद होते. पाहुण्यांना ही आख्यायिका सांगण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले, कारण इतर सभासद ती दर वेळी निराळी सांगत.

न्यायालयाच्या ओसरीवर न्यायाधीशांच्या बावीस तसबिरी आहेत. पहिलीत मिशी हनुवटीपर्यंत उतरली आहे. पुढे कोठेही मिशीचा मागमूस नाही. दुसरी तसबीर पहिल्याच गृहस्थांची आहे, हे लक्षपूर्वक पाहावे.

असे सांगतात की, त्या काळी न्यायालय गिरणीच्या कापसाच्या गोदामात भरे. मुन्सफ त्रिंबकराव खांबेटे यांनी ग्रामदेवीला नवस केला: न्यायालयाची स्वतःची इमारत मंजूर होईपर्यंत मिशीला कात्री लावणार नाही. सात वर्षे मंजुरी आली नाही, आणि मिशीने दोन्ही ओठ झाकून टाकले.

सातव्या वर्षी ठकूबाई निंबाळे त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या विधवा होत्या आणि गिरणीत मागावर काम करीत. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या दोन महिने परगावी गेल्या असता चाळीच्या मालकाने दावा लावला, की बाईने खोली कायमची सोडली आहे. त्या एका खोलीवाचून त्यांना दुसरे घर नव्हते.

"खोली सोडलीत, हे खरे काय?" मुन्सफांनी तीनदा विचारले. ठकूबाई टक लावून पाहत राहिल्या, बोलल्या नाहीत. हे मौन म्हणजे कबुलीच, असे मालकाचे वकील अण्णासाहेब दिघे म्हणाले. मुन्सफांनी निकाल लिहिण्यासाठी टाक उचलला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हौसाबाई ही ठकूबाईंची गिरणीतली सोबतीण त्यांना हातवारे करू लागली.

"बाई, कोर्टात खुणा करता?" अण्णासाहेब गरजले.

"मग काय करू, वकीलसाहेब? वीस वर्सं मागाच्या खडखडाटात उभी राहून तिचे कान गेले. आम्ही एकमेकींचे ओठ बघून बोलतो. मुन्सफसाहेबांचे ओठ हायेत कुठं? नुसतं झुडूप हलतंय!"

शिरस्तेदारांनी हसू लपवण्यासाठी दप्तरात तोंड खुपसले. मुन्सफ मात्र उठून बाहेर गेले. बेलिफाने नवसाची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "देवीची समजूत मी घालीन. या बाईंची कोण घालणार?"

अर्ध्या तासाने ते बिनमिशीचे परतले, तर पट्टेवाला त्यांना आत सोडेना.

"ठकूबाई, खोली सोडलीत काय?" कसेबसे आत येताच मुन्सफांनी विचारले.

"सोडीन कशाला, साहेब? माझं जातं, भांडी, नवऱ्याचा फेटा, समदं आत हाय. किल्ली ही बघा कमरेला! परत आले, तर माझ्या कुलपावर ह्या चाळवाल्यांचं दुसरं कुलूप!"

बेलिफाने जाऊन खोलीचे दार उघडले. सर्व काही तसेच होते.

नवस मोडूनही आठव्याच दिवशी इमारतीला मंजुरी मिळाली, असे म्हणतात. मी जुने टपाल तपासले आहे: ती तेविसाव्या दिवशी मिळाली. तेवढ्याने चमत्कार लहान होत नाही.

आजही येथे रुजू होणारे न्यायाधीश प्रथम मिशी उतरवतात. अलीकडच्या तिघी स्त्रिया असल्याने त्यांना तो त्याग करावा लागला नाही. त्या दिवशी ठरले ते एवढेच: खोली ठकूबाईंची, आणि या न्यायालयात बोलणाऱ्याचे ओठ दिसले पाहिजेत. शिरस्तेदारांनी ते लिहून घेतले, ठकूबाईंनी अंगठा उमटवला, बेलिफाने मान डोलावली. अण्णासाहेबांनाही मिशी होती. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली, आणि सोमवारी त्यांनीही मान्य केले.