खैरगव्हाणची सत्काराची शाल

खैरगव्हाणच्या ज्युनिअर कॉलेजात बास्केटबॉलचा सामना पाहायला आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा एक गोष्ट खटकते. शिट्टी होण्याआधी गावच्या संघाचा कर्णधार जरीकाठाची शाल घेऊन मैदानात उतरतो, गुडघे टेकतो आणि मधल्या वर्तुळातले सिमेंट त्या शालीने पुसून काढतो. शालही साधीसुधी नव्हे, मागच्या विजयानंतर गावाने भर सभेत त्याला पांघरवलेली. सत्काराची शाल आणि फरशी पुसायला, म्हणून पाहुणा नाक मुरडतो. मग कुणीतरी जाणता माणूस त्याला पायरीवर बसवून घेतो आणि मुरारी खटक्याची हकीगत सांगतो.

असे सांगतात की, या जागी पूर्वी लाल मातीचा आखाडा होता आणि मुरारीचा बाप राऊ वस्ताद त्याचा धनी होता. पुढे पोरे कुस्ती सोडून कॉलेजात जाऊ लागली, आखाडा ओस पडला, आणि कॉलेजने त्यावर सिमेंट ओतून दोन खांब उभे केले. माती गेली, गावाची खोड गेली नाही. लोक बास्केटबॉलला यायचे ते कुस्ती बघायला. चेंडू जाळीत पडला की टाळ्या, पण समोरचा गडी आडवा झाला की शिट्ट्या आणि फेटे हवेत. मुरारी कर्णधार झाला त्या हंगामात त्याच्या संघाने एकही सामना गमावला नाही, आणि एकही सामना रक्त सांडल्याशिवाय संपला नाही. कुणाचे दात गेले, कुणाची बरगडी. संघाचे कणसे सर पंचांची माफी मागून मागून थकले होते, पण गाव खूश होते.

अजिंक्यपदाचा सामना देवठाण्याशी ठरला, तोही याच मैदानावर. देवठाणे नदीपलीकडचे. त्यांचा कर्णधार भगवान ठोंबरे उंच, सडपातळ पोरगा. कुणाला धक्का न लावता दोघातिघांतून पाण्यासारखा निघून जायचा. मुरारी त्याला मनातून मानायचा. त्याच्यापुढे आपले कोपर चालणार नाही हे त्याला कळत होते, आणि कप तर हवाच होता. कप नाही आणला तर बापाला तोंड कसे दाखवायचे, हा घोर त्याच्या जिवाला लागला होता.

आखाड्यात कुस्तीआधी नारळ फोडायची रीत. त्याचे पाणी माती पिऊन टाकी. सिमेंट झाल्यावरही वस्तादांनी रीत सोडली नव्हती. एरवी ते नारळ कडेला फोडत. त्या दिवशी म्हणाले, आज मोठी कुस्ती आहे, नारळ मधोमध फुटणार. फुटला. पोरांनी करवंट्या आणि खोबरे वेचून नेले. पाणी मात्र तसेच राहिले, कारण सिमेंट काही पाणी पीत नाही. त्यावरून पाय घसरेल हे वस्तादांच्या ध्यानीमनीही नव्हते.

मुरारीच्या ते लक्षात आले. तो फडके घेऊन वाकला, तसा बापाने त्याचा दंड धरला.

“देवाचं पाणी हाय ते. पुसायचं न्हाई.”

मुरारीला पंचांना सांगता आले असते. म्हणे त्याचे पाऊल त्या बाजूला वळलेही होते. पण मग त्याच्या मनात दुसरेच आले. पाणी कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, भगवानला माहीत नाही. त्याने फडके खाली टाकले, आपल्या पोरांना हळूच सांगितले की मधून जाऊ नका, आणि नारळ फुटला त्या जागेला नमस्कार केला.

शिट्टी झाली. थोड्याच वेळात भगवान चेंडू घेऊन मधल्या वर्तुळात वळला आणि त्याचा पाय सटकला. गुडघा उलट्या बाजूला मुडपला. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला, असे आजही सांगतात. देवठाण्याच्या लोकांनी ओले सिमेंट पाहिले आणि मुद्दाम पाणी ओतले म्हणून एकच गलका केला. मग कोण कुणाला आवरणार? मांडवाचे बांबू उपसले गेले. पट्टे निघाले, दगड आले. कणसे सर मध्ये पडले तर त्यांचे डोके फुटले आणि ते खांबाला धरून खाली बसले. मुरारीने अंगावर आलेल्या एकाचा जबडा ठोशात मोडला. हात रक्ताने माखला तरी तो थांबला नाही, कारण थांबला असता तर त्याला फडके आठवले असते.

पण मारता मारता त्याची नजर वर्तुळाकडे गेली. भगवान अजून तिथेच पडला होता आणि खैरगव्हाणचे चार लोक त्याच्या मोडलेल्या पायावरच लाथा घालत होते. तो आता ओरडतही नव्हता. मुरारी धावला आणि त्याच्या अंगावर पालथा पडला. लाथा थांबल्या नाहीत, काठ्याही थांबल्या नाहीत. पाठमोरे पोर कुणाचे, हे त्या धुमश्चक्रीत कोण बघतो? मुरारीने डोके झाकायला उजवा हात वर केला, आणि तो मनगटात मोडला. ती काठी राऊ वस्तादांची होती.

पुढे पोलीस आले. देवठाण्याकडे उभे राहायला पाच गडी उरले नाहीत, म्हणून कप खैरगव्हाणला दिला गेला. गावाने सत्कार ठेवला, त्याच मैदानावर. वर्तुळातले रक्ताचे डाग कुणी धुतले नव्हते, त्यावर सतरंजी टाकली होती. वस्तादांनी मुलाच्या खांद्यावर शाल घातली. हात गळ्यात बांधलेला मुरारी उठला, त्याने डाव्या हाताने सतरंजी ओढून काढली, पाहुण्यांसाठी ठेवलेला तांब्या शालीवर ओतला आणि गुडघ्यांवर बसून सिमेंट घासू लागला. कुणीतरी बस्स म्हणाले, तरी तो घासतच राहिला. मग बापाकडे न बघता म्हणाला,

“आबा, हातभर फडकं पुरलं असतं.”

वस्ताद उभेच होते. मग त्यांनी डोक्याचा फेटा उतरवला, लेकाशेजारी बसले आणि रडत रडत पुसू लागले. ज्या माणसाने कधी कुणापुढे पाठ टेकली नाही, तो त्या दिवशी सगळ्या गावादेखत ओणवा झाला.

देवठाण्याने मग बरीच वर्षे नदी ओलांडली नाही. एके साली ते आले. पोरांच्या पुढे भगवान होता, काठी टेकत, पाय ताठ. मुरारीचे मनगट वाकडे राहिले होते, त्याचा खेळ केव्हाच संपला होता. त्याने शाल घेतली आणि स्वतः वर्तुळ पुसले. भगवानला वाकता येत नव्हते. त्याने वहाण काढली आणि मोडक्या पायाचा तळवा त्या जागी टेकवला.

“कोरडं हाय,” तो म्हणाला. “खेळू द्या पोरांना.”

मुरारीला मान वर करवली नाही.

आजही खैरगव्हाणात नारळ फाटकाबाहेर फुटतो. आजही वर्तुळ पुसून झाले की पाहुण्या संघाचा कर्णधार तिथे अनवाणी उभा राहतो, आणि तो कोरडे आहे म्हणेपर्यंत पंच शिट्टी वाजवत नाही. कॉलेजच्या कपाटात नंतरचे पुष्कळ कप मांडले आहेत. त्या सालचा नाही. पाहुण्याने विचारलेच, तर सांगणारा म्हणतो की तो देवठाण्याला आहे, कारण तो आम्ही जिंकलोच नव्हतो.