पाच पगड्या, एकेचाळीस पालक

नेवाळीच्या राजाने काढलेल्या पाठशाळेला पाच पालक हवे होते आणि पुढे आले एकेचाळीस. काम होतं गावोगाव हिंडून पाठशाळेची माहिती सांगायचं आणि नवी मुलं आणायचं. पण त्यासाठी जरीची पगडी आणि घोडा मिळणार होता. त्यामुळे एरवी पाठशाळेकडे ढुंकूनही न बघणारे दिवाणजी आणि नगरशेठ सकाळपासून दारात ताटकळत होते.

राजा हट्टी. त्याने गुरुजींना बजावलं, की उद्या दुपारपर्यंत पाच जण निवडा. मात्र कुणाला नकार द्यायचा नाही आणि कुणाला प्रश्नही विचारायचा नाही. जमलं नाही तर पाठशाळेला कुलूप.

गुरुजी डोकं धरून बसले. पाठशाळेत पाणी भरणाऱ्या सगुणाने हे ऐकलं. तिची मुलगी तिथेच शिकत होती. ती म्हणाली, "गुरुजी, माझ्यावर सोपवा."

दुसऱ्या दिवशी राजा येऊन बसला. सगुणाने मुलांना अंगणात पिटाळलं आणि एकेचाळीस जणांना अदबीने विनंती केली, की आत जाऊन आपापल्या मुलाच्या बस्करावर बसावं.

एक कुंभार, एक शिंपी आणि आणखी तिघे सरळ जाऊन बसले. बाकीचे दाराशीच घुटमळले. दिवाणजी मात्र ऐटीत पहिल्या ओळीत बसले. दिवाणाचा मुलगा दुसरीकडे कुठे बसणार?

सगुणाने मुलांना आत बोलावलं. लोहाराची चिमुरडी दिवाणजींपुढे येऊन उभी राहिली. "काका, उठा, ही माझी जागा. तुमचा गणू मागे खिडकीशी बसतो. पळून जायला बरं पडतं त्याला."

नगरशेठ दाराशी उभे राहून अजून जागाच शोधत होते. त्यांना मुलांनीच सांगितलं, की तुमच्या मुलाचं नाव दिवाळीतच पटावरून काढलंय.

मग एकाला अचानक लग्नाला जायचं आठवलं, दुसऱ्याची कंबर धरली, तिसरा हळूच सटकला. थोड्या वेळाने पाहिलं तर आत पाचच बाप उरले होते.

राजाने भुवया चढवल्या. "मी नकार देऊ नका, प्रश्न विचारू नका म्हटलं होतं."

"मी कुठे काय विचारलं, महाराज? बसा एवढंच म्हटलं. आणि जा तर कुणालाच म्हटलं नाही."

राजाचा मुलगाही याच पाठशाळेत होता. राजाने मिशीला पीळ देत विचारलं, "समज, मीही पगडीसाठी आलो असतो तर?"

सगुणा म्हणाली, "तर बेचाळीस आले असते, महाराज. उरले पाचच असते."

राजा पोट धरून हसला. पाचांना पगड्या आणि घोडे मिळाले. सगुणाला त्याने त्या पाचांची प्रमुख केलं आणि आपला स्वतःचा घोडा देऊन टाकला.