तुळईवरची भुरी

एका गावात एक कणगी होती. गोष्ट मांजराची आहे, पण सुरुवात कणगीपासूनच करायला हवी, कारण तिच्यात अख्ख्या गावाचं बी होतं.

बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची ती कणगी. ज्वारीची मळणी झाली की प्रत्येक घर आपलं सगळ्यात टपोरं बी तिच्यात आणून ओतायचं. संक्रांतीला झाकण ठेवून कडा शेणानं बंद करायच्या, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. मधेच झाकण उघडलं तर राखणीचा मान त्या घराकडून जायचा. तो मान तीन पिढ्या सगुणाच्या सासरी होता, आणि कणगीही त्यांच्याच घरात होती.

सगुणा कामाची पक्की. दर सोमवारी ती कणगीच्या बुडाशी बसून चारी बाजूंनी हात फिरवायची, कुठे भेग दिसली की लगेच लिंपायची. त्या बुडाला तसूभर भोक सापडलं नसतं. झाकण मात्र तिच्या डोक्याच्याही वर होतं, आणि त्याला हात लावायचा नाही म्हटल्यावर तिकडे बघायचंही नसतं, असं हळूहळू सगळ्यांनीच धरलं होतं. रीत पाळता पाळता माणूस रीत वाढवूनही ठेवतो.

सगुणाच्या घरी एक मांजर होती, भुरी. त्या काळी मांजरं बोलायची. हल्ली बोलत नाहीत. ऐकणारं कोणी उरलं नाही असं त्यांचं म्हणणं आहे. आणि त्या काळी मांजरं झोपायची ती जमिनीवर, चुलीपाशी. तिथून भुरीला दिसायचे ते माणसांचे पाय. येणारे पाय, जाणारे पाय आणि कधीकधी शेपटीवर पडणारे पाय.

असाच एकदा शेपटीवर पाय पडला तेव्हा वैतागून ती छपराखालच्या तुळईवर चढून बसली. वर ऊब होती, शेपटीला धोका नव्हता, आणि घर पहिल्यांदाच सबंध दिसत होतं. मग ती रोज तिथेच बसू लागली. फळीमागे पडलेली, तीन वर्षांपूर्वी हरवलेली पळी दिसली. कणगीचं झाकण दिसलं. आणि छपराच्या गवतातून उतरून झाकणाच्या कडेला शिरणारा एक उंदीरही दिसला.

भुरी खाली येऊन म्हणाली, "कणगीत उंदीर जातायत." सगुणानं लगेच बुडाशी बसून चारदा हात फिरवला. भोक नव्हतं. "खालून नाही, वरून जातायत," भुरी म्हणाली. पण त्याच तुळईला दह्या-दुधाचं शिंकं टांगलेलं होतं, ही मोठी अडचण. शेजारची भागाक्का पीठ मागायला आली होती. ती हसून म्हणाली, "शिंकं कधी तुटतं नि माझं कधी फावतं, हेच बघत बसते ती वर. उंदराचं निमित्त सांगतेय तुला."

सगुणाला ते पटलं. जे आपल्याला आधीच वाटत असतं, ते दुसऱ्यानं सांगितलं की चटकन पटतं. भुरी पुन्हा वर चढली तेव्हा सगुणानं फुंकणी दाखवून तिला उतरवलं आणि दोरीनं जात्याला बांधून टाकलं. दूध-भाकरी वेळच्या वेळी मिळत होती, पण भुरीनं पहिले दोन दिवस तोंड लावलं नाही. तिला फार वाईट वाटलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी सगुणानं शिंक्यातलं मडकं उतरवलं. वरचं फडकं कुरतडलेलं होतं आणि सायीला भगदाड पडलं होतं. तिनं सवयीनं भुरीकडे रागानं पाहिलं. भुरी जात्याला बांधलेली होती. मग सगुणाला आठवलं, भुरी वर बसायची तेवढे दिवस साय अखंड असायची. चोर समजून तिनं राखणदारालाच बांधून ठेवलं होतं.

ती भुरीपाशी खाली बसली, दोरी सोडली, आणि इतक्या दिवसांत न विचारलेली गोष्ट तिनं विचारली. "वरून काय दिसतं गं तुला?"

"शिडी लाव आणि तूच बघ," भुरी म्हणाली.

सगुणा शिडी लावून वर गेली. झाकणाची कड मूठभर कुरतडलेली होती, भोवती ज्वारीचा कोंडा पडला होता. अक्षय्यतृतीयेला अजून दोन महिने होते. झाकण उघडावं तर तीन पिढ्यांचा मान जातो. न उघडावं तर पेरणीला बी उरत नाही.

तिनं गाव बोलावला आणि सगळ्यांसमोर पुन्हा शिडी चढली. थोरले पंच म्हणाले की आजवर असं कधी झालेलं नाही, मांजराच्या सांगण्यावरून तर नाहीच. पण सगुणा शिडीवरून उतरली नाही.

"मान गेला तर माझ्या एका घराचा जाईल," ती म्हणाली. "बी गेलं तर साऱ्यांचं जाईल." आणि तिनं हातानं शेण फोडून झाकण उचललं.

आत वीतभर थर नासला होता आणि एका कडेला उंदरांनी घर मांडलं होतं. भुरीनं तुळईवरून सरळ कणगीत उडी घेतली. पुढचं काम तिला कोणी शिकवायला नको होतं. खालचं बी मात्र टणक, स्वच्छ होतं. बायकांनी ते अंगणात पसरून ऊन दिलं, निवडलं, आणि नव्या झाकणाखाली बंद केलं. त्या वर्षी पेरणी चार ओळी कमी झाली, पण एकही घर पेरणीवाचून राहिलं नाही.

झाकण उघडलं म्हणूनच बी वाचलं, हे पाहून पंचांनी राखणीचा मान सगुणाकडेच ठेवला. रीत तेवढी थोडी वाढली. सोमवारी बुडाला हात फिरवून झाला की सगुणा मान वर करून विचारायची, "भुरे, वरचं काय?" भागाक्काही विचारू लागली, पण भुरी तिला लवकर उत्तर द्यायची नाही.

भुरीनं हे पिल्लांना सांगितलं, पिल्लांनी त्यांच्या पिल्लांना. म्हणून आजही मांजर कपाटावर, भिंतीवर, जिथं आपला हात पोचत नाही तिथं जाऊन बसतं आणि वरून आपल्याकडे बघत राहतं. तुमचं कुठलं तरी झाकण त्याला दिसत असणार.

तात्पर्य: उंचावर बसलेल्याला खाली ओढण्याआधी, त्याला तिथून काय दिसतंय ते एकदा विचारावं.