सुगरणीच्या खोप्याला खिडकी

फार मागे, पाखरांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कावळा कुणाला तरी सांगत होता, "उद्यापासून प्रत्येक घरट्याला खिडकी पाडणार, म्हणजे पहारेकऱ्याला..." साळुंकीने तेवढंच ऐकलं आणि शेजारच्या सुगरणीकडे धाव घेतली.

सुगरण अंड्यांवर बसली होती. ती घाबरून म्हणाली, "अगं साळूताई, पहारेकरी डोकावेल त्या खिडकीतून साप नाही का शिरणार?"

"मग दरबारात जाऊन सांग की! मी राखते अंडी. आत डोकावणार नाही, शपथ!"

सुगरणीने दरबारात एक जुना खोपा नेला आणि त्यात अंड्याएवढा खडा ठेवला. खिडकीची कल्पना मांडणारं घुबड तिथेच होतं, जन्मभर ढोलीत राहिलेलं. ती त्याला म्हणाली, "घुबडदादा, पाडा बरं खिडकी." घुबडाने चोच मारली. वीण उसवली आणि खडा टपकन खाली पडला.

गरुडराजा म्हणाला, "बाई, हा पहाऱ्याच्या कायद्याचा नुसता मसुदा आहे. महिनाभर मतं मागवतोय, आलीस ती तू पहिलीच." त्याने खिडकीचं कलम खोडलं. पहारा मात्र झाडाखालून राहणार होता.

सुगरण परतली तेव्हा साळुंकी खोप्याच्या दारातच बसली होती. "काय गं, खरं होतं का?"

"खिडकीचं खरं होतं, उद्यापासूनचं नव्हतं," सुगरण म्हणाली. "अजून बरीच कलमं आहेत. उद्या तूही चल."