निळ्या हौदाचा रिकामा कोनाडा

आमच्या निमकोरड्याला आलेल्या पाहुण्याला पाण्यात उतरायचं असेल, तर आधी दगडावर पालथं पडावं लागतं. हौदाच्या काठावर कंबरभर उंचीची काळी शिळा दिसते ना, तीच ती. मधोमध खोलगट झाली आहे, पण तिला कुणी छिन्नी लावलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोटांनी ती घासली गेली आहे. तिच्यावर पोट टेकून हातपाय अधांतरी हलवायचे आणि मगच पायऱ्या उतरायच्या. मोठमोठी माणसं येऊन गेली, पण सूट कुणालाच मिळाली नाही. समोरच्या भिंतीत, पाण्याच्या जरा वर, एक कोनाडा आहे. त्यात दिवा नाही, मूर्ती नाही, शेंदराचं बोटसुद्धा नाही. तरी गावाचं सगळ्यात मोठं दैवत तेच. हे असं का, त्याची गोष्ट सांगतात ती अशी.

विजेच्या दिव्यांचं आणि आभाळात उडणाऱ्या गाड्यांचं ते जुनं जग तेव्हा कधीच मोडून पडलं होतं. त्याची आठवण काढून हळहळणारंही कुणी उरलं नव्हतं. नदी हरवली होती. ओढे, तळी, डबकी, सगळं आटलं होतं. गावात एकच खोल विहीर होती आणि तिचं पाणी वाटीनं मोजून मिळे. पाण्यात पाय बुडवणं हे सगळ्यांत मोठं पाप. तसं करणाऱ्याला वाळीत टाकत, म्हणे.

हा हौद तेव्हा कोरडा ठणठणीत होता. निळ्या गुळगुळीत फरश्यांचा एवढा मोठा खड्डा पूर्वजांनी कशासाठी बांधला असेल, ते कुणालाच उमगत नव्हतं. इतकं देखणं काम देवाचंच असणार असं धरून लोक तिथे चपला काढून जात. आणि तिथेच, ढिगाऱ्याखालच्या लोखंडी पेटीत, पोथी सापडली होती. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. उरलेल्या पानांवर चित्रं होती. अंगावर फक्त लंगोट, डोक्याला घट्ट टोपी, डोळ्यांवर काळ्या काचा. जगाच्या मोहाकडे बघायला नको म्हणून डोळे झाकून घेतलेला हा कुणी विरक्त साधू, याबद्दल कुणाला शंका वाटली नाही. साधू पालथा पडलेला होता, म्हणून गावही शिळेवर पालथं पडू लागलं.

पोथीतल्या ओळी सगळ्यांना तोंडपाठ होत्या. 'हात पुढे न्या. पाणी मागे लोटा.' याचा अर्थ सरळ होता: पाण्याचा लोभ धरू नका, आपल्यातलं थोडं मागच्याला द्या. त्या ओळीमुळे निमकोरड्यात पाण्यावरून कधी डोकी फुटली नाहीत, हेही खरं आहे. 'पाय बेडकासारखे झाडा.' इथे मात्र घोडं अडे. बेडूक कुणी पाहिलाच नव्हता. काही म्हणत तो ऋषी, काही म्हणत तो पायांचा देव. यावरून गावात दोन तट पडले होते आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. शेवटच्या पानावर दोन साधू होते. एक उताणा पडलेला आणि दुसरा त्याला मागून हनुवटीला धरून ओढणारा. खाली लिहिलं होतं, 'घाबरू नका. भांडू नका. पाणी तुम्हाला उचलून धरते.' संसाराचं सार याहून वेगळं काय असणार? म्हणून ते पान लग्नात आलं. नवऱ्याला उताणं निजवून नवरीनं हनुवटीला धरून कोरड्या हौदातून ओढत न्यायचं, तेव्हा कुठे लग्न लागलं असं धरत.

त्या काळी हौदाच्या कोनाड्यात ठेवलेल्या पोथीची राखण भिवराबाईकडे होती. 'पोथीला पाण्याचा थेंब लागू देणार नाही,' अशी शपथ तिनं गावासमोर घेतली होती आणि ती मनापासून पाळत होती. मात्र तिला एक खोड होती. पोथी राखणाऱ्यानं अर्थ सांगायचा असतो, ही बाई विचारत बसायची. शिळेवर पडून हातपाय मारता मारता मध्येच थांबायची आणि पाय तसेच हवेत धरून म्हणायची, "पर ह्यो मानूस निघालाय कुठं?" कारण चित्रातला साधू पानागणिक पुढे सरकताना दिसे आणि शिळेवरचं माणूस जन्मभर हातपाय मारून तिथल्या तिथेच राही.

तिचा नवरा कोंडिबा शेळ्या राखायचा. त्याचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. "पोट घासून द्येव भेटला असता," तो म्हणायचा, "तर समदे सरडे कवाच मोक्षाला गेले असते." लग्नात पाठीचं सालपट निघालं होतं, त्याचं रडगाणं तो अजून गात असे. भिवराबाई त्याच्याशी कडाकडा भांडे. पण संध्याकाळी शेळ्यांना यायला जरा उशीर झाला की तिचा जीव खालीवर होई.

मग एके दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, लांबच्या डोंगराची कड खचली आणि हरवलेली नदी वाट बदलून परत आली, असं सांगतात. फेस नाही, गर्जना नाही. पाणी सखल रानात नुसतं पसरत आलं आणि चढत राहिलं. आयुष्यात वाटीहून जास्त पाणी न पाहिलेली माणसं उंचावर धावली आणि तिथून बघत राहिली. आनंद करावा की भ्यावं, तेच कुणाला कळेना. हौद भरत आला. आणि पलीकडच्या टेकाडावर, चारी बाजूंनी पाणी, मधे शेळ्या आणि त्यांच्यात कोंडिबा.

गावचा प्रमुख सटवाप्पा ओरडला, "भिवरे, आधी पोथी काढ! कोनाड्यापातुर आलंय पानी!"

भिवराबाई हौदाच्या पायऱ्यांशी आली. पोथी समोरच्याच भिंतीत होती. पाण्यात पाय घालायचा धीर होईना, आणि टेकाडाकडे बघायचाही. तेवढ्यात तिच्या पायाशी काहीतरी हिरवं टुणकन उडालं आणि पाण्यात पडलं. त्यानं मागचे पाय पोटाशी घेतले, दोन्हीकडे फेकले, जवळ आणले. पुन्हा घेतले, फेकले. आणि ते पुढे सरकलं. सरकतच गेलं.

"अगं बाई," भिवराबाई म्हणाली, "ह्योच की बेडूक! ह्यो जातोय!"

तिनं मान वर केली. टेकाडावर कोंडिबाच्या गुडघ्यांना पाणी लागलं होतं आणि तो एका शेळीला मिठी मारून उभा होता. पोथी जवळ होती, नवरा लांब. शपथ एका बाजूला, कोंडिबा दुसऱ्या. ती टेकाडाकडे वळली. मागून सटवाप्पा शिव्या देत होता, बायका डोळे झाकत होत्या, आणि तिनं पुराच्या पाण्यात अंग टाकलं.

पहिल्यांदा ती बुडाली. नाकातोंडात पाणी गेलं, हातांनी काही धरायला मिळेना. मग तिला शेवटचं पान आठवलं. भांडू नका. तिनं भांडणं सोडलं, आणि पाण्यानं तिला खरोखरच उचलून धरलं. त्या क्षणी ती इतकं मोठ्यानं हसली की काठावरच्या लोकांना वाटलं, बाईला वेड लागलं. मग तिनं हात पुढे नेले, पाणी मागे लोटलं, पाय बेडकासारखे झाडले, आणि जन्मात पहिल्यांदा शिळा मागे राहिली.

ती पोचली तेव्हा कोंडिबाच्या छातीला पाणी लागलं होतं. त्यानं घाबरून तिच्या गळ्याला विळखा घातला आणि दोघंही खाली गेली. वर आल्याबरोबर ती किंचाळली, "अवं, सोडा मला! लग्नात पडला व्हता तसं पडा! उताणं!"

"मरतोय की गं मी!"

"न्हाई मरत! पानी उचलून धरतं!"

कोंडिबाचा पोथीवर विश्वास नव्हता, बायकोवर होता. तो उताणा पडला. तिनं मागून हनुवटी धरली आणि लग्नात ओढलं तसं त्याला ओढत काठाला आणलं. शेळ्या आपल्या आपण पोहून आल्या. त्यांनी पोथी कधी वाचली नव्हती, पण ते असो.

काही दिवसांनी पाणी उतरलं. कोनाडा उघडा पडला, हौद मात्र भरलेलाच राहिला. कोनाड्यात कागदाचा लगदा तेवढा होता. तो ओंजळीत घेऊन भिवराबाई हमसून हमसून रडली. पोथी गेल्याचं दुःख तिच्याइतकं कुणालाच नव्हतं. पंचांपुढे ती एवढंच म्हणाली, "शपथ मोडली, खरं हाय. पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा मोडीन."

"आता वाचायचं काय आमी?" सटवाप्पानं विचारलं.

तेवढ्यात कोंडिबा उठला. शिळेपाशी गेला, तिच्यावर पालथा पडला आणि वेडेवाकडे पाय झाडू लागला. "ह्ये असंच का गं?" त्यानं विचारलं. भिवराबाईनं डोळे पुसले, जाऊन त्याचे घोटे धरले आणि म्हणाली, "तसं न्हवं. बेडकावानी." थोड्या वेळानं तिनं मागे बघितलं, तर सटवाप्पा पागोटं काढून हातात धरून रांगेत उभा होता.

आजही निमकोरड्यात बेडूक ओरडला की लोक हात जोडतात. दोन्ही तट म्हणतात, आमचंच खरं निघालं. सोयरिकी मात्र सुरू झाल्या. लग्नात नवरी नवऱ्याला हनुवटीला धरून ओढते, आता पाण्यातून, आणि त्याच्या कानात भिवराबाईचे शब्द म्हणते, 'न्हाई मरत! पानी उचलून धरतं!'. कोनाड्यात नवी पोथी का ठेवत नाही, असं पाहुणे विचारतात. कोनाडा काही ठेवायला नाहीच. त्याला हात लावून परत यायचं, एवढाच इथला विधी. तिथवर पायवाट नाही, पूल नाही, बघताच आहात. चला, टेका पोट शिळेवर.