तळाला न गेलेली मेथी

त्या राज्यात जो सर्वांत जुना, तो सर्वांत वर बसे. नव्यांनी खाली जायचे आणि वरच्यांना पेलायचे, असा रिवाज होता. राज्य म्हणजे एक उंच ढीग. त्याच्या पुढे बाजार आणि मागे एक दार. गिऱ्हाइकाचा हात वरच्या थरापर्यंतच पोहोचे.

माथ्यावर लाल भोपळा होता. तो येऊन चार महिने झाले होते. शेजारी सुरण. रोज सकाळी तळातले टोमॅटो आणि पालेभाज्या चिखल होऊन मागच्या दाराने बाहेर जात, आणि वरची मंडळी हळहळत.

"हल्लीची पिढीच नाजूक," सुरण म्हणाला. "आमच्या वेळी कोणी सडत नव्हतं."

"तुमच्या वेळी तुमच्यावर कोणी बसलं नव्हतं, सुरणकाका," पहाटेच आलेली मेथी म्हणाली.

भोपळ्याने घसा खाकरला. "धीर धर, पोरी. वर यायची पाळी सगळ्यांची येते."

"माझी कधी येईल, आजोबा?"

"आठवड्याभरात."

"माझ्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतचाच वेळ आहे."



मेथी तळाला गेलीच नाही. पुढे सावलीत ओले गोणपाट होते, त्यावर ती पसरली. ते पाहून टोमॅटो एकेक करत ढिगाखालून निसटले. कोणी कोणाला ढकलले नाही; फक्त पेलायला कोणी उरले नाही. ढीग खचला आणि भोपळा गडगडत फरशीवर आला. त्याने स्वतःला चाचपले. साधा ओरखडाही नव्हता.

मेथीने प्रत्येकाला एकच विचारले, "तुझ्याकडे किती दिवस आहेत?" एका दिवसाचे पुढे आले, गोणपाटावर, मोकळे मोकळे. चार दिवसांचे त्यांच्या मागे, एकाच थरात. महिन्यांचे सर्वांत खाली. सुरणाला हा अपमान वाटला, पण वजन मात्र जाणवले नाही.

दुपारी एका गिऱ्हाइकाने मेथी उचलली. एकही पान पिवळे नव्हते. ती पुढच्या वाटेने गेली. दुसऱ्या सकाळी मागचे दार उघडावेच लागले नाही.

त्याच सकाळी पालकाच्या जुड्या आल्या आणि शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून तळाकडे वळल्या.

"तिकडे कुठे निघालात?" फरशीवरून भोपळा खेकसला. "खाली मी आहे."

जुड्या बिचकल्या. मग त्याच्या पाठीवर पाय देऊन एकेक करत पुढे चढल्या. त्यांच्या मुळांची ओली माती त्याच्या पाठीवर राहिली. ती त्याने झटकली नाही.