शिडाचा काठ

पूर्वी शूर्पारक बंदरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या घरी जन्म घेतला आणि वयात आल्यावर तो त्याच राजाचा अर्थमंत्री झाला. राजा भला होता. दरबारात जो शेवटी बोले त्याचे त्याला पटत असे. म्हणून शहाणी माणसे उशिरा येत.

दरवर्षी वाऱ्याबरोबर समुद्रापलीकडच्या नौका येत, तलम आणि स्वस्त कापड उतरवीत आणि वारा उलटला की परत जात. नगरातल्या लोकांनी ते तलम कापड अंगावर घेतले. आपल्या विणकरांचे जाडेभरडे कापड बैलांच्या पाठीवरही दिसेनासे झाले. विणकर आळीतले निम्मे माग थांबले आणि काही घरांतल्या चुलीही.

ही दुर्दशा पाहून सुमुख नावाच्या श्रेष्ठीला फार कळवळा आला. चौकात उभा राहून तो गर्जे, "परक्याचा धागा म्हणजे आपल्या गळ्याचा फास! बंदर बंद करा, नौका जाळा!" गर्जताना त्याला घाम येई. तो तलम, परदेशी उपरण्याने पुशी.

विणकरांचा प्रमुख नंदिय हा फटकळ पण सरळ म्हातारा. तो सारी आळी घेऊन दाद मागायला राजवाड्यावर गेला. त्या दिवशी शेवटी सुमुख बोलला. राजाने आज्ञा दिली, की पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या नौका जाळाव्यात आणि बंदराला साखळी लावावी.

संध्याकाळी सुमुख बोधिसत्त्वाच्या घरी आला.

"अमात्य, तुम्ही फक्त गप्प राहा. बंदर बंद झाले की माझ्या कोठारातल्या मालात चौथा हिस्सा तुमचा."

"कोठारात काय आहे?"

"कापड."

"कोणाचे?"

"आता माझे."

"आणि कोठार रिकामे झाल्यावर?"

"मग प्रजेचे हाल पाहवणार नाहीत. बंदर उघडा, असे मीच म्हणेन."

बोधिसत्त्व हसला. "हिस्सा मला नको. विणकरांचे जाडे कापड मात्र तुम्हीच घेता ना? कशासाठी?"

"धर्म म्हणून घेतो हो. धान्याची पोती शिवतो त्याची."

पाहुणा गेल्यावर बोधिसत्त्वाला वाटले, एवढी पोती भरायला नगरात धान्य आहे कुठे? आणि तलम कापड विणणारे ते समुद्रापलीकडचे लोक शिडे कशाची करतात?

सकाळी तो नंदियाला घेऊन किनाऱ्यावर गेला. वाळूत शिडे पसरून नावाडी ती सांधत बसले होते.

"जाळायला मशाल पुरते, अमात्य. मला म्हाताऱ्याला कशाला आणलंत?"

"जाळण्याआधी काय जाळतोय ते बघून घ्यावं, बाबा."

नावाड्यांचा प्रमुख, तांडेल भरुक ओरडला, "आजोबा, पाय जपून! शीड आहे ते, सतरंजी नव्हे!"

नंदिय उत्तर देणार होता. पण खाली पाहून तो उकिडवा बसला आणि त्याने शिडाचा जोड उसवून पाहिला. काठाला दोन तांबडे धागे होते आणि मध्ये एक हळदी.

त्या आळीत फार जुनी रीत होती. प्रत्येक घर आपल्या रंगाचे धागे काठात घाली. वीण विसविशीत निघाली तर शिव्या योग्य घरी पोहोचाव्यात म्हणून. तांबडा-हळदी काठ नंदियाच्या घरचा होता.

म्हातारा एका शिडावरून दुसऱ्याकडे गेला. "हा तिस्साचा. हा त्याच्या भावाचा. आणि हा माझ्या जावयाचा, काय ढिला विणलाय बघा मेल्यानं!"

"आमचं तलम कापड वाऱ्याला उभं राहत नाही," भरुक म्हणाला. "तुमच्या कापडाशिवाय आमची नौका हलत नाही. म्हणून तर तो श्रेष्ठी शिडामागे सोनं मागतो."

"आम्हाला पोत्यांचा भाव देतो!" नंदिय कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हणजे आमच्याच कापडावर बसून हे आमच्या उरावर आले!"

"जातीलही त्यावरूनच," बोधिसत्त्व म्हणाला. "पण नौका जाळल्या, तर शिडं घेणार कोण?"

पौर्णिमेच्या दरबारात सुमुख उशिरा आला. बोधिसत्त्व त्याहून उशिरा आला, आणि त्याच्यामागे सारी आळी.

"महाराज, नौका जाळू नका," नंदिय म्हणाला.

"विकला गेलास, नंदिया!" सुमुख गर्जला.

"नाही श्रेष्ठी, आजपासून विकणार. तुम्हाला वगळून."

मग बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, बंदर उघडे राहावे. पण स्वस्ताईचा आनंद साऱ्या नगराने घ्यावा आणि उपास एका आळीने करावा, हे नगराला शोभत नाही. उतरणाऱ्या कापडावरचा कर, शिडांसाठी रुंद माग बसेपर्यंत, त्या आळीला द्यावा. आणि शिडाचे कापड साऱ्या आळीने मिळून एकाच भावाने विकावे. एकट्याला गाठून भाव पाडणारे नेहमी कळवळ्याचेच असतात."

राजाला ते पटले. ते खरे होते, शिवाय शेवटीही बोलले गेले होते.

वारा उलटला तेव्हा आळीतला एकही माग थांबलेला नव्हता. नव्या शिडांच्या नौका बंदराबाहेर पडल्या आणि किनाऱ्यावर सारी आळी ओरडत होती, "तो निळा आमचा! तो तांबडा-हळदी नंदियाचा!" जावयाचे शीड सगळ्यांत पुढे होते, म्हाताऱ्याने ते मुद्दाम पाहिले नाही. सुमुखाला कोठार पडेल भावाने रिकामे करावे लागले. त्या हिवाळ्यात नगरातले हमालही तलम पांघरून झोपले. पुढे खुल्या बंदराचे गुणगान सुमुखाइतक्या मोठ्याने कोणी केले नाही.

त्या वेळचा श्रेष्ठी सुमुख म्हणजे आजचा देवदत्त. त्याचा आवाज या जन्मीही बसलेला नाही. राजा तो आनंद, नंदिय तो मोग्गल्लान, तांडेल भरुक तो भिक्षू पूर्ण आणि विणकर आळी म्हणजे हा भिक्षुसंघ. अमात्य म्हणजे स्वतः तथागत. दार उघडण्याला लोक औदार्य म्हणतात आणि लावण्याला निष्ठा. दारात उभे राहून आतले कोण उपाशी आहे हे आधी पाहणे, ही प्रज्ञापारमिता.